कोरड्या नदीवरची नोकरी

आमच्याकडच्या कुठल्याही लग्नकार्यात माझा मेहुणा माझी ओळख ठरलेल्या पद्धतीने करून देतो. "हे आमचे दाजी. ओमानमध्ये नदी मोजायला होते." एवढं बोलून तो गप्प बसतो. समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो, मग त्याच्याकडे, आणि भीत भीत विचारतो, "ओमानमध्ये नदी आहे?" मेहुणा म्हणतो, "नाही ना! म्हणून तर नोकरी इतकी वर्षं टिकली."

मीही हसतो. जेवणाच्या पंगतीत कुणाला नदी समजावून सांगत बसायचं? पण इथे पानं मोकळी आहेत आणि अडवायला मेहुणा नाही, तेव्हा सांगून टाकतो.

ओमानमध्ये आपल्यासारखी बारमाही मोठी नदी नाही, हे खरं. तिथे असतात त्या वाद्या. डोंगरातून उतरणारं दगडगोट्यांचं रुंद, कोरडं पात्र म्हणजे वादी. मस्कतमध्ये आम्ही राहायचो त्या भागाचं नावही वादी कबीर, म्हणजे मोठी वादी. माझ्या आईला मात्र शेवटपर्यंत वाटत होतं की तिचा मुलगा कबीरवाडीत राहतो, आणि वाडी म्हटल्यावर चार आंबे-फणस असणारच. आम्ही संगमेश्वरकडचे. आमच्याकडे पाणी मोजायची कल्पना कुणाला सुचणार नाही, कारण चार महिने ते घरात शिरू नये एवढीच इच्छा असते. आयटीआयमध्ये इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकचा कोर्स केला, मुंबईत थोडी उमेदवारी केली आणि मस्कतच्या एका कंपनीत लागलो. कंपनीकडे वाद्यांमधलं पाणी मोजणाऱ्या यंत्रांच्या देखभालीचं कंत्राट होतं.

काम सांगायला सोपं आहे. वादीच्या काठच्या खडकाला बोल्ट मारून एक जाड लोखंडी पाइप उभा केलेला असतो, आत बादली सहज जाईल एवढा जाड. त्याला एका बाजूने भोकं असतात. वादीत पाणी चढलं की पाइपातही चढतं, पण आत खळखळ नसल्यामुळे पातळी नीट कळते. पाइपात सेन्सर, वर एक पेटी, पेटीवर सोलर पॅनल. पेटीतलं यंत्र आपोआप मस्कतला पातळी कळवत राहतं. जवळच पाऊस मोजायचं भांडं. हे सगळं मिळून आमचं एक ठाणं.

आता गंमत अशी की वर्षातले बहुतेक दिवस माझी यंत्रं शून्य कळवत. आणि ते शून्य खरं आहे की यंत्र मेलंय, हे बघायला मला दगडधोंड्यांतून दिवसभर गाडीने जावं लागे. बहुतेक वेळा शून्य खरं असे. मग डबा खाऊन परत.

यंत्रं मरत नसत असं मात्र नाही. शेळ्या वायर खात. पावसाच्या भांड्यात गांधीलमाश्या घर करत. गाढवं पाठ खाजवायला पाइपच निवडत. एकदा डोंगरपायथ्याच्या रुस्ताक शहराच्या वरच्या एका ठाण्यावर, आकाशात चिमूटभर ढग नसताना, शुक्रवारी दुपारी जोरदार पाऊस नोंदला गेला. आमचे मॅनेजर थॉमस साहेब कोट्टायमचे, पावसाच्या बाबतीत हळवे. त्यांनी मला तातडीने पिटाळलं. जाऊन बघतो तर सहलीला आलेल्या कुणीतरी बर्फाच्या पेटीतलं वितळलेलं पाणी त्या भांड्यात ओतलेलं. भांड्यात एक लिंबाची फोडही होती.

या सगळ्या प्रवासात माझ्याबरोबर असे सालिम. रुस्ताकचा, माझ्याच वयाचा ड्रायव्हर. आमचं बोलणं हिंदी, अरबी आणि हातवारे यांच्या मिश्रणात चाले, ते इथे मराठीतच लिहितो. सालिम कमी बोले आणि गाडी चालवताना सतत डोंगराच्या माथ्याकडे बघे. सुरुवातीला मला वाटायचं की हा रस्त्याकडे का बघत नाही. नंतर कळलं की तिथे रस्ता आणि वादी बऱ्याचदा एकच असतात, आणि पाणी येतं ते वरून. खाली लख्ख ऊन असतं, वर डोंगरात वीस मिनिटं पाऊस पडतो, आणि तो सगळा नागड्या खडकावरून घसरत थेट तुमच्या गाडीवर येतो.

आमच्या सगळ्या ठाण्यांमधलं सर्वांत वरचं ठाणं हैल नावाच्या गावाशी होतं. रुस्ताक सोडलं की आधी डांबर संपतं, मग सपाटी संपते, मग सालिमचं बोलणं संपतं, आणि खूप वेळाने महाबळेश्वरच्याही वरच्या उंचीवर, कड्याला चिकटलेली मातीच्या रंगाची घरं दिसतात. घरांच्या खाली पायऱ्यांसारखी शेतं. त्यांत डाळिंबं, जर्दाळू, लसूण आणि गुलाब. शेतांच्या खाली खोल घळ, आणि तिच्या तळाशी वादी. इथली वादी मात्र पूर्ण कोरडी नसे. गावाच्या वर खडकातून झरे फुटत आणि त्यांची बारीक धार वर्षभर एका डोहातून दुसऱ्या डोहात उतरत असे. उन्हाळ्यात मस्कतमध्ये डांबर मऊ होत असताना हैलच्या डोहात पाय बुडवला की कळ मस्तकात जायची.

अरबीत इंग्रजी 'व्ही'चा उच्चार नाही, आणि पासपोर्टवर माझं नाव 'व्ही'नेच सुरू होतं. त्यामुळे विलासचं फिलास झालं, आणि हैलपर्यंत चढता चढता फुलूस. फुलूस म्हणजे पैसे. आमची गाडी दिसली की कुणीतरी ओरडे, "फुलूस आला!" घराघरांतून माणसं बाहेर येत, आणि मला बघून हिरमुसून परत आत जात.

हैलमध्ये माझं सर्वांत अवघड गिऱ्हाईक म्हणजे उम्म मुबारक. मुबारकची आई. नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेला, मुलगा सोहारला नोकरीला. ही एकटी आपली डाळिंबं आणि शेळ्या सांभाळून. एकदा तिथलं यंत्र सारखं बंद पडू लागलं. बॅटरी बदलली, तरी बंद. अचानक जाऊन बघितलं तर सोलर पॅनलवर जर्दाळूच्या फोडी ओळीने वाळत घातलेल्या.

मी म्हणालो, "आई, हे यंत्र उन्हावर चालतं."

ती म्हणाली, "माझे जर्दाळूही उन्हावरच चालतात."

"पण याच्यामुळे वादीत किती पाणी आहे ते मस्कतला कळतं."

"मला विचारा की. मी इथेच असते."

शेवटी सालिमने एक जुनं पत्र्याचं दार आणून तिला उन्हात उंच मांडून दिलं. तिने त्यावर जर्दाळू हलवले, आणि आम्हाला वाळलेल्यांची एक पिशवी भरून दिली. पण पुढे दर खेपेला ती पाइपाकडे हात करून विचारायची, "अजून मोजतोच का हा?"

आता मुख्य गोष्ट. निवृत्तीला फार दिवस राहिले नव्हते, त्या सुमाराची.

एप्रिल महिना होता. हैलमध्ये गुलाब काढणं चाललं होतं. यंत्राची वार्षिक तपासणी उरकून मी हत्यारं गाडीत टाकली, कारण मला मस्कतला पोचायची घाई होती. मुलीच्या शाळेत गॅदरिंग होतं आणि ती पहिल्यांदा मराठी नाटकात उभी राहणार होती. उशिरा झालेल्या आमच्या सईचं मराठी म्हणजे प्रत्येक वाक्याला एक दम खाणं. एवढं धाडस ती करतेय तर समोर बसायला हवं होतं.

सालिम गाडीत बसला नाही. माथ्याकडे बघत उभा राहिला. "डोंगर काळा झालाय."

मी बघितलं. माथ्यावर गोधडीएवढा ढग होता. "सालिम, तासाभरात आपण खाली उतरतो. यल्ला, चल."

"ना."

"अरे, पोरगी नाटकात आहे माझी."

सालिमने गाडीची किल्ली काढली, डिशडॅशाच्या, म्हणजे आपल्या पायघोळ अंगरख्याच्या, खिशात टाकली आणि शांतपणे कहवा प्यायला निघून गेला. मी चडफडत मागून गेलो. तो बसला होता वालिद खल्फानच्या ओसरीवर. वालिद म्हणजे वडील. वयस्कर माणसाला आदराने तसंच म्हणतात. खल्फान हा गावाचा अरीफ. आपल्याकडे पाटकरी असतो तसा. कुणाच्या शेताला कधी आणि किती वेळ पाणी सोडायचं हे तो ठरवणार, आणि त्यावर कुणी वाद घालणार नाही. बारीक अंगाचा, पांढऱ्या दाढीचा, सत्तरी ओलांडलेला माणूस. त्याने माझ्या हातात खजूर ठेवला आणि म्हणाला, "बस. आज वादी जाणार आहे खाली. तू उद्या जा."

पहिला कप संपायच्या आत गारा आल्या. मग पाऊस. आणि पाऊस थांबत आला असताना वरून आवाज आला, कुणीतरी अखंड खडी ओततंय असा. सगळं गाव कठड्यावर आलं. आधी घळीतून वारा आला, इतका की सालिमचं डोक्याचं फडकं उडालं. मग वळणावरून तपकिरी भिंत आली. तिच्या तोंडाशी काटक्या, झाडं, एक पाण्याची टाकी, आणि आत लोळणारे दगड. माझा पाइप आधी थरथरला. मग सावकाश कलला, आणि पेटी, पॅनल, सेन्सरसकट दिसेनासा झाला.

ज्या रस्त्यावर आम्ही या वेळी असणार होतो, तो रस्ता आता पाण्याखाली गडगडत होता. मी सालिमकडे बघितलं. त्याने किल्ली खिशातून काढून मला दाखवली आणि परत ठेवली.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि आम्ही अडकलोय हे नीट कळलं. खालचा रस्ता अनेक ठिकाणी वाहून गेला होता. मोबाइलला रेंज यायची ती फक्त मशिदीच्या मागच्या एका दगडावर उभं राहिलं की. तिथून घरी फोन लावला.

बायकोने, नीताने, पहिला प्रश्न विचारला, "कुठे आहात?"

"नदीकाठी."

"चेष्टा सुचतेय? जेवताय काय?"

"भात आणि सुकी मासळी."

"इतक्या वर डोंगरात?"

"गाढवावरून यायची म्हणे पूर्वी. शार्क आहे. आपल्या मोरी माशासारखाच लागतो."

"मग तुम्ही काही इतक्यात येत नाही," ती म्हणाली, आणि रात्री पांघरूण आहे का, हे दोनदा विचारून घेतलं. मग सई आली. "बाबा, मी टीव्हीवर एक कार बघितली. ती पाण्यात... ती जात होती." तिला 'वाहून' हा शब्द आठवेना. मी म्हणालो, "मी त्या कारमध्ये नाही. नाटक कसं झालं?" ती म्हणाली, "कॅन्सल. रेनमुळे." मी दगडावर उभ्या उभ्या हसलो.

गावाचं खरं संकट मात्र पुराच्या पाण्याचं नव्हतं. घळीतली वादी शेतांच्या खूप खाली. तिचं पाणी शेताला थेट मिळत नाही. गावाच्या बरंच वर, झऱ्यांपाशी, पाणी अडवून ते फलजमध्ये घेतलेलं. फलज म्हणजे आपला पाट. दगडचुन्याचा, कड्याच्या कुशीतून हळूहळू उतरत गावात येणारा. मशिदीत वजूला म्हणजे नमाजाआधी हातपाय धुवायला, घरात प्यायला आणि मग शेतांना, सगळं पाणी त्याचं. पुरात वरून आलेल्या एका धोंड्याने या फलजचा तुकडाच कड्यावरून उडवला होता. मोठी मोटार आडवी मावेल एवढं भगदाड. पाणी तिथपर्यंत येत होतं आणि तिथून खाली घळीत पडत होतं. म्हणजे खाली वादी रात्रंदिवस गर्जत होती आणि वर शेतात थेंब नव्हता.

तसे दोन-चार दिवस ओलीवर निघाले असते. पण पावसामागून गरम वारा सुटला, आणि डाळिंबं फुलोऱ्यावर होती. आता पाणी तुटलं तर फूल गळतं, आणि मग वर्षभर झाडाकडे नुसतं बघत राहायचं. सिमेंट, मशिनं, टँकर, सगळं रस्ता झाल्यावर येणार. रस्ता कधी होणार? इन्शाल्ला.

गावात तरणी माणसं थोडी. बाकीची नोकरीनिमित्त रुस्ताक-मस्कतला. आम्ही होतो ते खल्फानच्या वयाचे काही लोक, बायका, दोन बंगाली शेतमजूर, सालिम आणि मी. भगदाडात दगड रचायला सुरुवात केली. दगड घळीत गेले. ताडपत्रीची झोळी बांधली. ती पाण्याने फुगली आणि फाटली. पत्रे लावले, ते वाऱ्याने वाजत खाली गेले. संध्याकाळी खल्फान शेतांमधून हिंडायचा, डाळिंबाचं एखादं फूल बोटाने उचलून बघायचा आणि पुढे जायचा. ते बघवत नसे.

अशाच एका सकाळी उम्म मुबारक माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिचं शेत सर्वांत खालच्या पायरीवर, म्हणजे पाणी पोचण्यात शेवटचं. ती मला बाहीला धरून कठड्यापाशी घेऊन गेली आणि खाली बोट दाखवलं. पूर थोडा ओसरला होता, आणि दोन धोंड्यांमध्ये अडकून माझा पाइप पडला होता. पेटी वगैरे गेलेली, पण पाइप सरळ, जवळजवळ अखंड.

"फुलूस, हा तुझाच ना?"

"हो, आई."

"उभा होता तेव्हा मोजत होता. आता आडवा पडलाय. आता त्याला पाणी वाहू दे."

आमच्याकडे पऱ्याचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी आगरात नारळी-पोफळींना आणताना मध्ये खड्डा आला की पोफळीचं खोड पोखरून त्यावरून पाणी नेतात. पन्हळ म्हणतात त्याला. लहानपणी मी त्या पन्हळीखाली उभा राहून अंघोळी केल्यात. आणि इतके दिवस दगड रचताना मला ती आठवली नव्हती.

पण पाइप माझा नव्हता. मशिदीमागच्या दगडावर जाऊन थॉमस साहेबांना फोन लावला. नोकरी शेवटच्या टप्प्यावर होती, व्हिसाचं नूतनीकरण त्यांच्या सहीवर होतं, आणि सरकारी मालाला हात लावणं म्हणजे काय हे मला चांगलं माहीत होतं. सगळं सांगितलं.

साहेब म्हणाले, "विलास, तो पाइप कंपनीचासुद्धा नाही, सरकारचा आहे. मी हो म्हणू शकत नाही."

"साहेब, मग नाही म्हणताय का?"

साहेब म्हणाले, "आवाज तुटतोय," आणि फोन बंद झाला. रेंज गेली की साहेबांनी ठेवला, हे मला आजतागायत माहीत नाही.

मी खाली येऊन सालिमला म्हणालो, "आवाज तुटतोय म्हणाले."

सालिम म्हणाला, "खलास, मग झालं तर. दोर कुठाय?"

आधी पाइपाचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले, जागेवर होता तसे. मग सालिमने पिकअप कठड्यापर्यंत मागे घेतली आणि दोराने तो इंचाइंचाने वर ओढला. तिथून पुढे गाडी जाणार नव्हती. फलजच्या काठाकाठाने, एका वेळी एकच माणूस जाईल अशा वाटेवर, तो खांद्यांवर घेतला. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. पुढे बंगाली, मध्ये गावकरी, मागे मी. चालता चालता कुणीतरी काम करतानाचं जुनं गाणं धरलं. शब्द मला कळत नव्हते, पण पाऊल कधी टाकायचं ते कळत होतं.

भगदाडाच्या पलीकडे पाइपाचं टोक झेलायला कुणीतरी हवं होतं. खल्फान म्हणाला, मी जातो. सगळे नको नको म्हणाले. तो म्हणाला, "तिकडचा दगड कुठला पक्का आणि कुठला कच्चा, हे तुमच्यापैकी कुणाला ठाऊक आहे?" कमरेला दोर बांधून तो वरच्या खडकावरून पलीकडे सरकला. दोराचं दुसरं टोक सालिमच्या आणि एका बंगाल्याच्या हातात. आम्ही पाइप पुढे सरकवत होतो. तो अर्ध्याच्या पुढे अधांतरी गेला आणि जड होऊन झुकायला लागला. खल्फानने वाकून टोक धरलं, आणि त्याच क्षणी त्याच्या पायाखालचा दगड निसटला.

दोर ताणल्याचा आवाज आला. खल्फान कड्यावर लटकत होता. त्याची भरतकाम केलेली टोपी गिरक्या घेत खाली वादीत गेली. बायकांमधून किंकाळी उठली. आम्ही पाइप सोडून दोराकडे धावणार, एवढ्यात खालून खल्फानचा आवाज आला, चांगलाच रागावलेला, "पाइप सोडू नका! मला सालिम धरतोय!"

आम्ही सोडला नाही. माझ्या दंडांना गोळे आले होते, डोळ्यांत घाम जात होता. सालिमने खडकाला पाय लावून जणू एकट्यानेच तो म्हातारा वर खेचला. खल्फानने श्वास घेतला, गुडघ्याचं रक्त डिशडॅशाला पुसलं, आणि दुसऱ्या दगडावर पाय रोवून टोक पुन्हा धरलं. पाइप बसला.

भोकांची बाजू वर केली, म्हणजे पाणी गळायला नको. दोन्ही टोकांना दगड, चुना, जुनी कापडं, आणि सालिमच्या गाडीच्या सीटचा फोम. वरून पाणी सोडलं. आधी पानं आली, मग गढूळ धार आली, पाइपाच्या तोंडाशी जरा घुटमळली आणि आत शिरली. पाइप घुमायला लागला. आम्ही सगळे आमच्या बाजूच्या तोंडाकडे डोळे लावून. एक बेडूक बाहेर आला. मागून पाणी.

त्या दिवशी पाणी शेतात गेलंच नाही. कोरडा पडलेला फलज आधी स्वतः प्यायला. तोवर मी राहिलेलं काम करून घेतलं. घळीतल्या एका उंबराच्या उंच फांदीवर पुराने एक चटई अडकवून ठेवली होती. तिथपर्यंतची उंची मोजली. माझ्या सगळ्या नोकरीतला सर्वांत मोठा पूर माझ्या डोळ्यांसमोरून गेला, आणि तो नोंदायला माझं यंत्रच जागेवर नव्हतं. याची हळहळ अजून जात नाही.

दुसऱ्या दिवशी खालून बुलडोझरचा आवाज आला, आणि त्याच्या मागोमाग थॉमस साहेबांची गाडी. इस्त्रीच्या पँटला चिखल, चेहरा पांढराफटक. उतरल्या उतरल्या त्यांनी मला मिठी मारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मग घसा साफ करून म्हणाले, "पाइप कुठे आहे?"

मी नुसतं बोट दाखवलं. ते कड्याच्या वाटेने शेवटपर्यंत आले. पाइपाकडे बघितलं, त्यातून जाणाऱ्या पाण्याकडे बघितलं, खाली घळीत बघून एक पाऊल मागे सरकले. खल्फान गुडघ्याला फडकं बांधून बाजूला उभा होता. साहेबांनी त्याला अरबीत विचारलं, "गळतं का?"

"थोडं. या टोकाला."

साहेब मागे वळले. मला वाटलं, संपलं. ते गाडीपाशी गेले, मागची पेटी उघडली आणि सीलंटची नळी घेऊन परत आले. "सुकायला वेळ लागतो," खल्फानच्या हातात देत ते म्हणाले. "पाणी थोडा वेळ वळवा." मग माझ्याकडे न बघता, "विलास, पाइप पुरात जागेवरून वाहून गेला, हे फोटोंवरून स्पष्ट आहे. नवा मागवू."

दुपारी नमाजानंतर सगळे शेतांच्या वरच्या टोकाला जमले. पाण्याच्या पाळ्या पुन्हा सुरू व्हायच्या होत्या. पहिली पाळी कुणाची यावर कुजबुज चालू होती, कारण पुराने सगळा क्रम मोडला होता. खल्फान उभा राहिला आणि म्हणाला, "पहिली पाळी फुलूसची."

सगळे हसले. मला वाटलं चेष्टा आहे. "वालिद, मला इथे शेत नाही."

"पाळी आहे. शेत तुझं तू बघ."

मी भोवती बघितलं. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एकच भाव: आमचं शेत बघ की. सालिम जमिनीकडे बघून हसू दाबत होता. उम्म मुबारक मात्र माझ्याकडे बघतच नव्हती. फावडं घेऊन ती आधीच आपल्या पायरीकडे चालू लागली होती.

"त्यांच्या शेताला," मी म्हणालो. सर्वांत खालचं शेत म्हटल्यावर पाण्याला सगळी वाट ओली करत जावं लागणार होतं. कुणीतरी कुरकुरलं. खल्फानने मान डोलावली.

पाण्याबरोबर मी खाली चालत गेलो. ते माझ्या पावलाच्या वेगाने येत होतं, वाळका पाला पुढे ढकलत. उम्म मुबारक बांधाशी उभी होती. तिच्या शेताचं तोंड एका सपाट दगडाने आणि चिंध्यांच्या बोळ्याने बंद केलेलं. मला वाटलं ती उघडेल. तिने फावडं माझ्याकडे केलं.

"पाळी तुझी आहे. तूच काढ."

मी बूट काढले, पँट वर दुमडली, वाफ्यात उतरलो आणि बोळा उपसून दगड बाजूला केला. पाणी क्षणभर थांबलं, वळलं, आणि माझ्या पायांवरून डाळिंबांच्या मुळांशी गेलं. थंडगार होतं. ती दुसऱ्या वाफ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आता तिकडे. आणि सावकाश, माती वाहील." मी तिकडे गेलो. वरून थॉमस साहेब हाक मारत होते की निघायला हवं. मी हात वर करून त्यांना थांबायची खूण केली, आणि शेवटचा वाफा भरेपर्यंत पाणी लावत राहिलो.